मुलीच्या वाट्याचं पाणी

मी घर सोडलं त्या दिवशी माझी आई मला निरोप द्यायला दारात नव्हती. ती पलीकडच्या गल्लीत एका मेलेल्या बाईला अंघोळ घालत होती.

एवढ्यावर हळहळू नका. आमच्या घरात हे नेहमीचं होतं. नाशिक रोडला, स्टेशनच्या मागच्या अंगाला आमचा मोहल्ला. आमच्यात माणूस गेलं की दफन करण्याआधी त्याला रीतसर अंघोळ घालतात, तिला गुस्ल म्हणतात. पुरुषाला पुरुष घालतात, बाईला बायका. हे काम नीट येणारी मोहल्ल्यात एकच बाई होती, माझी अम्मी. कुणाकडे बाई वारली की आधी अम्मीला बोलावणं यायचं आणि मग नातेवाइकांना फोन जायचे. त्या पाण्यात बोरीचा पाला लागतो आणि बोर आमच्या परसात होती. शाळेतल्या मैत्रिणी त्या झाडाची बोरं तिखटमीठ लावून मिटक्या मारत खायच्या. पाला कशाला लागतो ते एकीला कळलं आणि दुसऱ्या दिवसापासून सगळी बोरं मला एकटीला उरली.

तर त्या सकाळी गाडी दारात उभी होती, बॅगा डिकीत गेल्या होत्या आणि अम्मी माझ्या दंडाला इमाम जामिन बांधत होती. लांबच्या प्रवासाला निघालेल्याच्या दंडावर कापडात नाणं गुंडाळून बांधतात, सुखरूप पोचलं की सोडून गरिबाला देतात. गाठ अर्धी झाली तोच निरोप आला, रुखसानाची आई गेली. अम्मीने गाठ पुरी केली, ओढून पाहिली, परसात जाऊन पाला ओरबाडला आणि पदरात घेऊन चपला पायात सरकवल्या.

अब्बा चिडले. "पोरगी इंग्लंडला चालली आहे. आज तरी दुसऱ्या कुणाला जाऊ दे."

"मय्यत रुकती नै," अम्मी म्हणाली. आमच्या घरात बोलणं अर्धं मराठी, अर्धं आमचं हिंदी. "हिचं विमानपण रुकत नाही. दोघी आपापल्या टायमाला निघतील."

दोघी म्हणजे मी आणि ती मेलेली बाई. मला तेव्हा हसू आलं.

रुखसाना माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, भुसावळला दिलेली, अम्मीला खाला म्हणजे मावशी म्हणायची. आईचं जास्त आहे म्हणून ती पहाटेच निघाली होती आणि तिची गाडी मनमाडच्या अलीकडे कुठेतरी नुसतीच उभी होती. अम्मी उंबऱ्यात असतानाच तिचा फोन आला. रडणं आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. मी येईपर्यंत पाणी घालू नका, खाला, आईला मला बघू द्या. अम्मीने शांतपणे सांगितलं, "बेटा, दुपारी जोहरच्या नमाजला उचलायचं ठरलंय. गाडीचा भरवसा कुणी द्यायचा? मी घालते. तुझ्या हातासारखंच घालते." आणि फोन ठेवला.

अब्बांनी हट्टाने गाडी थांबवून ठेवली, अम्मी परत येईल म्हणून. ती आली नाही. ड्रायव्हर घाटातल्या ट्रॅफिकची भीती घालायला लागला तेव्हा आम्ही निघालो, तर गल्लीच्या तोंडाशीच अडकलो, कारण समोरून जनाजा चालला होता. तो वळणाआड गेला आणि मागून एक रिक्षा येऊन थांबली. रुखसाना उतरली. ती जनाजाच्या मागे धावली नाही, आमच्याकडच्या बायका कब्रस्तानात जात नाहीत. ती सरळ कोपऱ्यावर उभ्या असलेल्या अम्मीकडे गेली. अम्मीच्या बाह्या अजून ओल्या होत्या. रुखसानाने तिची दोन्ही मनगटं धरली आणि म्हणत राहिली, "एक घंटा, खाला. एकच घंटा थांबायचं होतं." अम्मीने मान वळवून गाडीतल्या माझ्याकडे पाहिलं, पण मनगटं सोडवून घेतली नाहीत. मी अम्मीला समोरासमोर पाहिलं ते एवढंच शेवटचं.

इंदिरानगरच्या बोगद्यापाशी गाड्यांच्या रांगेत उभं असताना अब्बा म्हणाले, "तुझी अम्मी दगड आहे." मग कसाऱ्यापर्यंत ते खिडकीबाहेर बघत बसले.

माझ्या मागून निघणाऱ्या मुलींना एक गोष्ट सांगून ठेवते, कारण व्हिसाच्या गडबडीत ती कुणी सांगत नाही. आमच्यात मुलीच्या वाट्याला माती येत नाही. खांदा पुरुष देतात, कबरीत पुरुष उतरतात, मूठ मूठ माती पुरुष टाकतात. मुलीला मिळतं ते फक्त पाणी. आईच्या अंगावर शेवटचं पाणी घालायचा पहिला मान मुलीचा, आणि तो गेला की तिच्यासाठी काही शिल्लक राहत नाही.

कॉलेजात होते तेव्हा अम्मी मला मदतीला न्यायला लागली होती. पाणी आधी स्वतःच्या हाताच्या पाठीवर ओतून बघायचं, जित्या माणसाला सोसेल इतकंच कढत. उजव्या अंगापासून सुरुवात. अंगावरची चादर जराही सरकू द्यायची नाही, चादरीखालून हात फिरवायचा. शेवटच्या पाण्यात कापूर. केसांचे दोन भाग करून छातीवर घ्यायचे. आणि बाहेर आल्यावर तोंड बंद. आत काय पाहिलं, व्रण, गाठ, डाग, सूज, ते कुणालाही सांगायचं नाही, सख्ख्या मुलीलासुद्धा नाही. मेलेल्याची लाज झाकणं हे तिच्या मते त्या कामातलं सगळ्यात मोठं काम होतं. पहिल्या खेपेला मी घरी येऊन ओकले. अम्मीने पाठ चोळली, पाणी दिलं आणि म्हणाली, "मेरे वक्त तू." माझ्या वेळी तू. दुसऱ्या कुणाचा हात नको. मी हो म्हटलं.

मोहल्ल्यातल्या बायकांना माझी काळजी होती ती निराळी. डुक्कर खाऊ नको, दारूच्या ग्लासाला शिवू नको, गोऱ्या पोरांशी बोलू नको. तिकडे लोक बिघडवतात म्हणे. लीड्समध्ये मला बिघडवायला कुणाला वेळच नव्हता. आम्ही चौघी एका फ्लॅटमध्ये, फ्रिजच्या प्रत्येक कप्प्यावर जिच्या तिच्या नावाची चिठ्ठी. शेजारच्या खोलीतली मुलगी आठवडाभर तापाने फणफणत होती, हे आम्हाला ती बरी होऊन किचनमध्ये आल्यावर समजलं. सगळ्यांनी तिला सॉरी म्हटलं. मीही म्हटलं, तोवर मला ते जमायला लागलं होतं. युनिव्हर्सिटीने माझ्या स्कार्फचे फोटो काढून दर माहितीपत्रकात छापले. फोटोतली मी कायम कुणाकडे तरी बघून खळखळून हसते आहे. ज्यांच्याकडे बघून हसते आहे त्यांतल्या एकाचंही नाव मला माहीत नाही आणि त्यांना माझं नाही. माझ्या इंग्रजीचं मात्र तिथे फार कौतुक व्हायचं. नाशिकला माझ्या मराठीचं व्हायचं, अगदी तशाच सुरात. जिथे आपण जन्मलो तिथली भाषा बोलल्याबद्दल शाबासकी मिळायची सवय असल्याने हे मला जड गेलं नाही.

खोटं कशाला बोलू, मला तिथलं पुष्कळ आवडलंही. कुठे चाललीस, कधी येशील, कुणाबरोबर, हे विचारणारं कुणी नव्हतं. पहिले सहा महिने मी त्या न विचारण्यावर चैन केली. पुढे तेच न विचारणं अंगावर यायला लागलं, पण हे मी घरी कधी कळू दिलं नाही.

शिक्षण सांभाळून मी एका केअर होममध्ये काम धरलं. आपल्याकडे वृद्धाश्रम म्हणतील. सकाळच्या पाळीला म्हाताऱ्यांना उठवायचं, अंघोळ घालायची, कपडे करायचे. बाकीच्या मुली अंघोळीला वैतागायच्या. माझ्या हाताखाली एकही म्हातारी कुरकुर करत नसे. पाणी हाताच्या पाठीवर ओतून बघायचं, उजवीकडून सुरुवात, चादर सरकू द्यायची नाही. मी त्या जिवंत बायकांना आमच्या मेलेल्यांची अंघोळ घालत होते आणि मॅनेजरबाई सगळ्यांना सांगायच्या की हिच्याकडून शिका.

तिथे मार्गरेट नावाची एक म्हातारी होती. तिची मुलगी त्याच शहरात राहायची. रविवारी यायची, एक सोडून एक. फुलं आणायची, चहा प्यायची, आईच्या गालाला गाल लावून जायची. मी हे अम्मीला फोनवर चवीने सांगायचे. बघ, या सुधारलेल्या लोकांचं हे असं. आपल्याकडे कुणी आईला असं टाकेल का? अम्मी मार्गरेटबद्दल सगळं विचारायची, ती जेवते का, तिला झोप लागते का. मी हजारो कोसांवर बसून एका बाईला नावं ठेवत होते की ती आईपासून वीस मिनिटांवर राहते.

मार्गरेट गेली तेव्हा तिचं सगळं मीच केलं. त्यांची पद्धत अशी की अंगावरची प्रत्येक खूण नोंदवायची. कागदावर माणसाची बाह्याकृती असते, तिच्यावर जिथल्या तिथे गोल करायचा. अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा व्रण, कोपराजवळचा निळा डाग, टाचेवरची सुकलेली जखम. मग मुलीला फोन झाला आणि तिने विचारलं ते सगळं मी तिला सांगितलं, शेवटच्या डागापर्यंत. तिने माझे आभार मानले. अंत्यविधी तीन आठवड्यांनी ठरला, कारण तिची स्पेनची सुट्टी आधीच बुक झालेली होती. जिवंतपणी जिच्यासाठी कुणी थांबलं नाही ती मेल्यावर तीन आठवडे शीतपेटीत सगळ्यांची सोय बघत थांबली.

"तीन हफ्ते?" अम्मीला खरंच वाटेना. मग म्हणाली, "मुलीने पाणी घातलं का तिला?"

"नाही. मी घातलं."

"तू." अम्मीने तो शब्द पुन्हा एकदा म्हटला. "अच्छा केलंस," ती म्हणाली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून उठली.

त्याच सुमाराला व्हिडिओवर अम्मीचा फक्त चेहरा दिसायला लागला होता, हनुवटीपर्यंत. पुढे कॅमेरा बिघडला, मग नुसता आवाज. मला वेळ नव्हता. कोर्स संपून नोकरीची धावपळ सुरू होती आणि आवाज तर ठणठणीत होता. रुखसाना भुसावळला परत गेली नाही, बापाला बघायला म्हणून मोहल्ल्यातच राहिली, आणि आता अम्मीबरोबर गुस्लला जाते, हे मला अम्मीकडूनच कळलं. "हात हलका आहे तिचा," अम्मी म्हणाली. "तुझ्यापेक्षा पण." मला राग आला. ज्या बाईने भर रस्त्यात हिची मनगटं आवळली तिच्या हाताचं कौतुक.

सकाळची पाळी होती. मी एका आजीबाईंच्या पायांवर पाणी सोडत होते तेव्हा अब्बांचा फोन आला. ते माझं नाव घेऊन थांबले, पुन्हा नाव घेतलं, आणि मला समजलं. मी म्हटलं, मी निघते. उद्या दुपारपर्यंत घरी पोचते. अब्बा, अम्मीला ठेवा. पेटी मिळते बर्फाची, मागवा. अब्बा रडायला लागले आणि त्यांनी फोन दुसऱ्या कुणाच्या हातात दिला.

"सलमा, असरला उचलायचंय," रुखसाना म्हणाली. असर म्हणजे उन्हं उतरतानाची नमाज, त्याच दिवशीची.

"एक दिवस, आपा. एकच दिवस."

"खालाने बोलून ठेवलंय. सलमासाठी थांबवू नका म्हणून."

"मला बोलली नाही ती असं."

"मला बोलली," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी पुन्हा लावला. अब्बांनी उचलला नाही. आजीबाईंचे पाय तसेच टबात होते, पाणी गार होत होतं. मी ते धुवून पुसले, बोटांच्या बेचक्यात पावडर लावली. नाशिकला पाणी तापत असणार आणि कुणीतरी आमच्या बोरीचा पाला ओरबाडत असणार, एवढं मला स्वच्छ दिसत होतं. मॅनेजरबाई धावत आल्या, खांद्यावर हात ठेवला, हवी तितकी रजा घे म्हणाल्या. अंत्यविधी कधी आहे?

"आज. थोड्या वेळात."

त्यांना वाटलं, धक्क्याने मला नीट बोलता येत नाही. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि हळू आवाजात पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. "पण तुझ्याशिवाय कसा करतील?" त्या म्हणाल्या. तिथल्या कुणी मला विचारलेला हा पहिला असा प्रश्न, ज्याचं उत्तर मलाही हवं होतं.

मी पोचले तेव्हा घरात माणसांची रीघ होती. तीन दिवस मय्यतच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे डबे येतात. पहिल्या तासाभरात मला इतक्या बायकांनी मिठी मारली जितक्यांनी लीड्सला सगळ्या वर्षांत मारली नाही. प्रत्येकीने सांगितलं की अम्मीच्या चेहऱ्यावर नूर होता. प्रत्येकीने तो पाहिला होता. एकीने तर सांगितलं की अम्मी झोपल्यासारखी दिसत होती आणि मग मला विचारलं, तिकडे पगार किती मिळतो.

अब्बांकडून हळूहळू कळलं. छातीत गाठ होती. वर्ष झालं असेल, जास्तही. अम्मीने कुणाला दाखवली नाही. "सगळ्या मोहल्ल्याच्या बायकांचं अंग बघितलं हिने," अब्बा म्हणाले, "आपलं कुणाला बघू दिलं नाही." त्यांना शेवटच्या आठवड्यात समजलं. रुखसानाला आधीपासून माहीत होतं, शेवटी ड्रेसिंगही तीच करत होती. मला सांगायचं नाही अशी दोघांना शपथ होती, नाहीतर ही परत येऊन बसेल आणि मग कधी जायची नाही.

गर्दी ओसरल्यावर मी रुखसानाच्या घरी गेले. तिने पाट सरकवला, चहा ठेवला. मी सरळच विचारलं. गाठ केवढी होती? फुटली होती का? पाठीला जखमा पडल्या होत्या का? मी रोज परक्यांच्या पाठी तपासते, आपा, मला सांगितलं तर मी समजू शकते.

"पाणी बेताचं कढत होतं," ती म्हणाली. "पाला तुमच्याच झाडाचा. कापूर घातला. केस दोन बाजूंना घेतले."

"ते नाही विचारत मी."

"तेवढंच सांगायचं असतं. तुझ्या अम्मीचंच शिकवणं आहे."

"मी तिची मुलगी आहे."

"मी पण कुणाची मुलगी होते," रुखसाना म्हणाली. तिने चहा गाळला आणि माझ्यापुढे ठेवला. "माझा भाऊ आईला मारायचा. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. ती कशाने गेली ते मला बघायचं होतं, म्हणून मी गाडीतून फोन करत होते. नंतर खालाच्या पाया पडून विचारलं, अंगावर मार होता का, एवढं सांगा. नुसती मान हलवा. नाय हलवली. दोन वर्षं तिच्याबरोबर मय्यतीला गेले, रोज वाटायचं आज सांगेल. आता खाला पण गेली."

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं.

"खरंच बोलली होती अम्मी?" मी विचारलं. "माझ्यासाठी थांबवू नका, असं?"

रुखसानाने माझ्याकडे नीट पाहिलं. मला तिच्या डोळ्यांत सूड दिसला असता तर बरं झालं असतं, मी तो घेऊन परत गेले असते आणि आयुष्यभर तिला शिव्या दिल्या असत्या. तसलं काही नव्हतं. ती थकलेली बाई होती आणि तिचा चहा निवत होता.

"ते पण आतलंच," ती म्हणाली.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. मला तिकडे नोकरी आहे, भाड्याचं घर आहे, फ्रिज सगळा माझा एकटीचा. मार्गरेटच्या अंगावरचा एकेक डाग मला अजून पाठ आहे. माझ्या आईला काय झालं होतं, तिला किती दुखलं, तिने मला हाक मारली की नको म्हणाली, हे मला माहीत नाही. ते माहीत असलेलं एकच माणूस नाशिक रोडला राहतं. म्हणून मी दर वर्षी जाते. अब्बांना वाटतं, मी त्यांच्यासाठी येते. तेही खरं आहे, पण एअरपोर्टवरून गाडी घाट चढायला लागली की मी मनात प्रश्न जुळवते, यंदा वेगळ्या शब्दांत कसं विचारायचं. लोक मला विचारतात, घराची ओढ वाटते का? वाटते. जिथे मला हवं ते कुणीतरी धरून बसलं आहे आणि देत नाही, त्या जागेची ओढ वाटते. तिला घर म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

यंदा निघताना दंडाला इमाम जामिन रुखसानाने बांधलं. तिचा बाप गेला, तिला पोरबाळ नाही, भावाशी बोलणं नाही. मोहल्ल्यात बाई वारली की आता पहिलं बोलावणं तिला येतं. दुपट्ट्याच्या टोकाला लागलेला बोरीचा पाला तिने झटकला आणि म्हणाली, "माझ्या वेळेला कोण करील, सांग."

"मी येईन," मी म्हटलं.

"ये. पण तुझ्यासाठी कुणी थांबायचं नाय हां. मी बोलून ठेवणार आहे."

"माहीत आहे," मी म्हटलं. तिने गाठ ओढून पाहिली आणि बॅग उचलायला वाकली.